बिलावरचा नंबर

मी कात्री उचलली, तेवढ्यात माझ्या नणंदेने, आकांक्षाने, माझं मनगट धरलं.

"वहिनी, थांबा! ह्याला कात्री लागली की संपलं. मंग दुकानवाला वापस घेणार न्हाई."

टेबलावर तिच्या लग्नाचा शालू पसरला होता. लग्न आठवड्यावर आलेलं. शालू सासरच्यांनी घेतला होता आणि ब्लाउज शिवायला म्हणून आमच्याकडे बदनापूरला आला होता. मी घरीच शिलाईचं काम करते, त्यामुळे नणंदेच्या ब्लाउजचा मान माझाच. शालू पोपटी होता. नुसता पोपटी म्हणणं कमीच झालं, खरा पोपट शेजारी बसवला असता तर तो फिका दिसला असता. काठ राणी रंगाचे आणि पदरावर नाचणारे मोर. तेही पोपटी!

"मंग बस्त्यात बोलायला काय झाल्तं?" मी विचारलं.

आकांक्षाने माझ्याकडे डोळे वटारले, कारण बस्त्यात काय झालं होतं ते मीही डोळ्यांनी पाहिलं होतं. बस्ता म्हणजे दोन्ही घरची माणसं जालन्याला एका दुकानात दिवसभर गाद्यांवर बसतात आणि लग्नाचे सगळे कपडे घेऊनच उठतात. नवरीचा शालू नवरदेवाकडचे घेतात. घेताना नवरीला विचारतात, "कोणता आवडला, बाई?" त्यावर पहिल्यांदा नवरीने मान खाली घालून म्हणायचं असतं, "तुम्हाला आवडेल तो." ही झाली लाज. मग सासूने दुसऱ्यांदा विचारायचं, "न्हाई न्हाई, तूच सांग." हा झाला मान. त्यानंतर नवरी हळूच बोट दाखवते आणि सगळे म्हणतात, पोरीची निवड झकास. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं.

आकांक्षाने पहिलं वाक्य अगदी बराबर म्हटलं. आणि तिची होणारी सासू, गिरिजाबाई, टाळी वाजवून ओरडली, "मंग हाच! मला बी हाच आवडला!" दुसऱ्यांदा विचारणं राहूनच गेलं. दाखवायचं बोट तसंच मांडीवर घेऊन पोरगी बसली. मी मध्ये पडायला हवं होतं, पण दुकानवाल्याने दाळबट्टी मागवली होती आणि माझं तोंड भरलेलं होतं.

"वहिनी, हा कोवळ्या तुरीच्या शेंगेचा रंग हाय," आकांक्षा रडवेली होऊन म्हणाली. ती आमच्या गावच्या कृषी संशोधन केंद्रात कामाला आहे. सकाळपासून तुरीच्या वावरात उभी असते. "मी रोज हाच रंग बघून राह्यले. लग्नात बी हाच नेसले तर कोनीतरी येऊन माझी पानं उलटून बघंल, अळी पडली का म्हणून!"

मला हसू आवरेना. पण तिचा चेहरा बघून हसणं गिळलं.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "आत्याबाईंना कळता कामा नये. माऊली लय चांगला हाय. त्याच्या घरात पाय ठेवायच्या आधीच त्याच्या आईच्या मनातून उतरले, तर मंग जन्मभर वर चढता येत न्हाई. शालू बदला, पण त्यांना बिलकुल कळू देऊ नका."

आता याला काय म्हणावं? शालू बदलायचा, तो लग्नात सगळ्यांसमोर नेसायचा, आणि आत्याबाईंना, म्हणजे सासूला, कळू द्यायचा नाही. पण माझं डोकं अशा कामात फार चालतं. त्याच नक्षीचा, त्याच काठांचा गर्द हिरवा शालू दुकानात मी पाहिला होता. तो आणायचा आणि कोणी विचारलंच तर म्हणायचं, "दुकानाच्या लाईटात रंग वेगळाच दिसतो, बाई." हे वाक्य प्रत्येक बाईने आयुष्यात एकदा तरी म्हटलेलं आहे आणि आजवर कोणी त्याला हरकत घेतलेली नाही.

घरी सांगितलं की अस्तर आणायला जातो, आणि आम्ही दोघी जालन्याची बस पकडली.

राधेश्याम वस्त्रदालन तीन मजली आहे. खाली दाराशीच माल बदलून द्यायचा काउंटर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं की कोण काय परत करतंय. काउंटरवर आसिफा नावाची चुणचुणीत पोरगी होती आणि तिच्यासमोर टॅब. आमच्यापुढे एक मिशीवाले काका बनियन बदलायला उभे होते.

"काय कारण?" आसिफाने टॅब त्यांच्या तोंडासमोर धरला. काका काहीतरी पुटपुटले.

"जोरानं बोला काका. मशीन ऐकून लिहितं."

"पोट!" काका ओरडले. सगळ्या रांगेने त्यांच्या पोटाकडे पाहिलं. काका घाम पुसत निघून गेले आणि आमचा नंबर आला.

मी शालू ठेवला. आसिफाने बिल मागितलं. बिल सासरी होतं.

"मंग बिलावरचा मोबाईल नंबर बोला, दीदी."

नंबर आकांक्षाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा होता, रखमाजी मामांचा. पत्रिकेवर छापला होता म्हणून आमच्याकडेही होता. आसिफाने तो टाकला आणि म्हणाली, "त्यांना ओटीपी गेला. सांगा जल्दी."

ओटीपी! सगळ्या जगात कोणाकडेही ओटीपी मागता येईल, रखमाजी मामांकडे नाही. गेल्या साली त्यांना कोणीतरी फोन करून "तुमची लाईट कापतो" म्हणून घाबरवलं आणि त्यांनी ओटीपी सांगून टाकला. तेव्हापासून मामांनी जणू व्रतच घेतलं. पिंपळगाव रेणुकाईला त्यांच्या गावी देवळात भजन संपलं की मामा उठून सांगतात, ओटीपी कोणाला सांगू नका. आकांक्षाच्या साखरपुड्यात त्यांना दोन शब्द बोला म्हटलं, तर माईक हातात घेऊन म्हणाले, "सुखानं नांदा, आन् ओटीपी कोनाला सांगू नका." आणि खाली बसले. मोजून तेवढंच भाषण, पण टाळ्या पडल्या.

तरी मी फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडाला येईल ते बोलले.

"मामा, मी शीतल, आकांक्षाची वहिनी. दुकानाकडून तुम्हाला भेटवस्तू लागली. मोबाईलवर एक नंबर आलाय बघा, तेवढा सांगा."

पलीकडून मामांचा आवाज आला, थंडगार. "कोन बोलून राह्यलं?"

"शीतल."

"शीतलचा आवाज काढून राह्यली व्हय गं? मला म्हाईत हाय, आता मशीनवर कोनाचा बी आवाज निघतो."

"मामा, मीच आहे हो!"

"मंग सांग, बस्त्याला जेवायला काय व्हतं?"

"दाळबट्टी."

"सगळ्यात जादा बट्ट्या कोनी खाल्ल्या?"

फोन स्पीकरवर होता. रांग कान देऊन ऐकत होती. "मी," मी म्हणाले.

मामांनी श्वास रोखला. मग बाजूला कोणाला तरी म्हणाले, "आरं बापरे! ह्यांना समदं म्हाईत हाय. लय मोठी टोळी हाय!" आणि फोन बंद. परत लावला तर लागेना. मामांनी मला ब्लॉक केलं होतं.

"ओटीपी न्हाई तर मंग आधार कार्ड द्या," आसिफा म्हणाली. "पत्ता, जन्मतारीख, आन् दोघींचा शालूसंगट फोटो."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "साडी बदलायला आलो का पासपोर्ट काढायला? जन्मतारीख कशाला पाहिजे? शालूशी पत्रिका जुळवायची का?"

आरडाओरडा ऐकून मालक राधेश्यामजी स्वतः आले. बस्त्याला आम्हाला पाहिलेलं, त्यामुळे हात जोडून म्हणाले, "अरे, या तर घरच्याच. ओटीपी राहू दे, आसिफा. फोटो तेवढा घे." मग आम्ही दोघी शालूचं एकेक टोक धरून उभ्या राहिलो आणि पोलीस मुद्देमालासह चोरांचा काढतात तसा आमचा फोटो निघाला. माझे डोळे मिटलेले.

"आता कारण बोला," आसिफाने टॅब पुढे धरला.

"रंग आवडला नाही," आकांक्षा सरळ बोलून गेली.

"बस, झालं. मी वरून हिरवा पीस आणते." आसिफा टॅब काउंटरवर ठेवून जिना चढली.

सुटलो! आम्हाला इतकं हलकं वाटलं की दोघी काउंटरवर कोपर टेकून खिदळायला लागलो.

"आत्याबाईंनी विचारलंच तर लाईटाचं सांगायचं," आकांक्षा म्हणाली. "दुकानाच्या लाईटात तसं दिसत व्हतं."

"सांगू की. पण तुझ्या सासूची निवड म्हणजे कमालच गं! एवढा आवडला व्हता तर स्वतःच नेसायचा ना! वरातीत पुढं चालल्या असत्या तर बॅटरी लागली नसती."

"वहिनी!" हसता हसता तिचे डोळे पाणावले. "असं नका बोलू. मनानं चांगल्या हायेत त्या. माऊलीसाठी मी पोपटी काय, गोणपाट बी नेसंन. फक्त त्यांचं मन मोडायला नको."

"आणि तुझे सासरे! ओटीपी मागितला तर जीव मागितल्यासारखं करतात."

आसिफा हिरवा शालू घेऊन आली. काय सुंदर होता! गर्द, शांत, काठ तेच, मोर तेच, पण आता ते मोर दिसत होते. तिने पिशवीत घातला, टॅबवर बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं दीदी. मेसेज गेला."

"कसला मेसेज?"

"माल वापस घेतल्याचा. काय माल, कोणी वापस केला, काय कारण. बिलावरच्या नंबरला जातो." मग तिने टॅबकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अल्ला! माईक चालूच राह्यला."

मी टॅब ओढून घेतला. कारणाच्या रकान्यात आमचं सगळं बोलणं उतरलं होतं. लाईट, बॅटरी, गोणपाट, सगळं. शेवटी "ओटीपी मागितला तर जीव मागितल्यासारखं करतात." मशीन इतकं हुशार की एक अक्षर चुकलं नव्हतं. आणि खाली आमचा फोटो.

"वापस बोलवा तो मेसेज!" मी किंचाळले.

"माल वापस येतो दीदी," आसिफा खरंच ओशाळली होती, "मेसेज येत न्हाई."

राधेश्यामजी म्हणाले, हे सगळं ग्राहकाच्या सुरक्षेसाठी असतं. मी विचारलं, कोणत्या ग्राहकाच्या? आम्ही दोघी काय भिंतीवरच्या पाली आहोत? दोन बायका आपसात काय बोलल्या ते दुकानाने लिहून घ्यायचं आणि ज्याच्यापासून लपवायचं नेमकं त्यालाच धाडायचं, ही सुरक्षा? ते मान हलवून "बराबर आहे, बराबर आहे" म्हणत राहिले आणि आम्हाला उसाचा रस पाजला. रस चांगला होता, पण मी तो रागारागानेच प्यायले.

परतीच्या बसमध्ये आकांक्षा खिडकीला डोकं टेकून बसली. "संपलं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही फोनकडे बघत होतो. सासरकडून काही आलं नाही. न ओरडणं, न रुसणं. मामा मेसेज वाचत नसतील का? मला जरा आशा वाटायला लागली. मेसेज वाचला नसेल तर तो पुसता येईल. त्यासाठी मामांचा फोन हाती लागला पाहिजे.

रेणुकामातेपुढे पत्रिका ठेवायची राहिली आहे असं म्हणून मी आमच्या ह्यांना मोटारसायकल काढायला लावली. ह्यांना काही सांगितलं नव्हतं. पिंपळगावला देवीपुढे पत्रिका ठेवली, मनात म्हटलं, आई, एक मेसेज पुसून दे, आणि मग आकांक्षाच्या सासरी गेलो. आमचे हे माऊलीबरोबर मांडवाचं बोलायला बाहेर गेले. मी ओसरीवर. समोर मामा अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेले. फोन बंडीच्या आतल्या खिशात, वर दोरी, दोरी गळ्यात.

"मामा, फोन नवीन घेतला का? बघू जरा."

"फोन मी देवाला बी दाखवत न्हाई, शीतलबाई." मामांनी सुपारी तोंडात टाकली. "तुम्हाला कळलं का? परवा चोराचा फोन आल्ता. हुबेहूब तुमचा आवाज."

"अगबाई! हो का?"

"व्हय. जरा बोलून दाखवता का? 'मामा, तुम्हाला भेटवस्तू लागली' असं म्हणा बरं. मला ताडून बघायचंय."

चोराच्या मनात चांदणं. तरी म्हटलं, "मामा, तुम्हाला भेटवस्तू लागली."

मामांनी डोळे मिटून ऐकलं. परत म्हणायला लावलं. मग मान हलवली. "न्हाई. चोराचा आवाज जरा गोड व्हता."

म्हणजे मेसेज वाचला नव्हता तर! मला इतका आनंद झाला की बोलणं मनालाही लागलं नाही. तेवढ्यात गिरिजाबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्याजवळ टेकल्या.

"ब्लाउज झालं का गं? माप बराबर घे. त्या शालूचं माझ्या मनात लय दिवसांपासून व्हतं." त्यांचा चेहरा खुलला. "माझं आन् माझ्या मोठ्या जावंचं लगन एकाच मांडवात झालं. दुकानात पोपटी शालू एकच व्हता. ती मोठी, तिला गेला. मला भुरा आला. मांडवात समदे तिच्याकडंच बघून राह्यले व्हते. तवाच ठरवलं, मला सून आली की तिला पोपटीच नेसवीन. तिनं बस्त्यात म्हटलं ना, तुम्हाला आवडंल तो, मला तर रडूच आलं, माय. पोरीनं माझ्या मनातलं ओळखलं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई नवरीचा मान ठेवायला विसरली नव्हती. तिला आनंदच इतका झाला होता की दुसऱ्यांदा विचारायचं भानच राहिलं नव्हतं. आणि मी तिच्या निवडीला बॅटरी म्हणाले होते! मामा आमच्याकडे न बघता सुपारी कातरत होते. अडकित्ता मध्येच थांबला.

"उद्या जालन्याला जाऊन येतो," ते म्हणाले. "पंपाचं सामान आणायचंय."

घरी येऊन मी आकांक्षाला सगळं सांगितलं. ती ऐकून हमसून हमसून रडली आणि डोळे पुसून म्हणाली, "वहिनी, मी पोपटीच नेसते. शालू वापस आणा. अळी पडली तर पडली."

दुसऱ्या दिवशी दुपारी, हातातलं एक ब्लाउज देऊन झाल्यावर, मी दुकानात फोन लावला. आसिफाने उचलला.

"तो पीस तर विकला, दीदी. आत्ताच गेला."

"कोणी घेतला? नाव सांग, मी त्यांच्या पाया पडते!"

"ते सांगता येत न्हाई," आसिफा म्हणाली. "ग्राहकाची माहिती आम्ही कोणाला देत न्हाई. गोपनीय असती."

माझ्या कानातून वाफ निघाली. "गोपनीय? आणि आमची माहिती? ती गोपनीय नव्हती? ती तेव्हा कुठं गेल्ती?"

"तुम्ही वापस करणाऱ्या व्हत्या, दीदी. ते घेणारे हायेत." आणि फोनवर मला स्पष्ट ऐकू आलं, ती हसत होती. एवढं हसायला काय झालं ते मला कळेना. मी रागाने फोन आपटला आणि हिरव्या शालूचं ब्लाउज कापायला घेतलं. आता दुसरा उपायच नव्हता.

लग्न बदनापूरलाच, मंगल कार्यालयात. वऱ्हाडाच्या गाड्या आल्या, बँड सुरू झाला, मी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. पहिल्या जीपचं दार उघडलं आणि उतरल्या गिरिजाबाई.

पोपटी शालू! राणी काठ! पदरावर मोर!

ताटातला दिवा विझता विझता राहिला. गिरिजाबाई धावतच माझ्याकडे आल्या, पदर पसरून गोल फिरल्या. या वयात, दारात, बँडसमोर! "बघ गं शीतल! ह्यांनी आणला. म्हणाले, सुनेसारखाच आणखी एक पीस व्हता, तो उचलला. सासू-सून जोडीनं दिसू आता! कुठं हाय माझी पोरगी?"

आणि त्याच क्षणी आतल्या खोलीचं दार उघडून आकांक्षा बाहेर आली. गर्द हिरव्या शालूत. खरं सांगते, इतकी सुंदर नवरी मी पाहिली नाही. पण गिरिजाबाई थबकल्या. तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पदराकडे, मग परत तिच्याकडे.

"आगं... हिचा रंग?"

आकांक्षाचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला. मी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, जे आठवडाभर घोकलं होतं, पण शब्द फुटेना. बँडवालेही नेमके तेव्हाच थांबले. मावश्या, काकवा, आत्या सगळ्या माना वळवून बघायला लागल्या.

"दुकानाच्या लाईटात रंग वेगळाच दिसतो, गिरिजे."

बोलले रखमाजी मामा. फेटा सावरत, अगदी सहज.

ते वाक्य आमचं होतं. शब्दन् शब्द आमचा. मामांनी मेसेज वाचला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता, आणि त्यात मी जे म्हणाले होते, एवढा आवडला तर स्वतःच नेसायचा ना, तेच त्यांनी ऐकलं होतं. पंपाचं सामान!

पण गिरिजाबाई सहजी सोडणाऱ्या नव्हत्या. "मंग माझा काहून न्हाई बदलला?" त्यांनी पदर पुढे केला. "मह्या शालूला बी तोच लाईट व्हता की!"

आता मामा अडकले, सगळेच अडकलो. मामांनी बायकोकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, भर मांडवात, मिशीला पीळ देत.

"तुझ्या अंगावर आल्यावर त्याची काय टाप हाय बदलायची!"

मग बायकांनी जो कल्ला केला! कोणी शिट्टी मारली. गिरिजाबाईंनी "अहो, लोकं हायेत!" म्हणत तोंड पदरात लपवलं. पण पदराआडून हसू फुटून बाहेर येत होतं. त्यांची ती मोठी जाऊ शेजारीच उभी होती, फिक्या भुऱ्या साडीत, आणि सगळा मांडव आज गिरिजाबाईंकडेच बघत होता. बँडवाल्यांनी आपण होऊन जोरात सुरुवात केली. गिरिजाबाईंनी आकांक्षाला जवळ ओढलं, दोन पदर शेजारी शेजारी धरले आणि म्हणाल्या, "जाऊ दे. हिरवाच हाय ना, माय. शोभून दिसती." आकांक्षा त्यांच्या गळ्यात पडून रडली. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

अक्षता पडल्या. नवरा-नवरी पाया पडायला वाकले. मामांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखानं नांदा," ते म्हणाले, आणि पुढचं सगळ्या मांडवानेच एका सुरात पूर्ण केलं, "आन् ओटीपी कोनाला सांगू नका!" हसण्याने कार्यालयाचे पत्रे वाजले.

मी गर्दीतून मामांजवळ सरकले. माझे डोळे भरून आले होते, लपवत नाही. हळूच म्हणाले, "मामा, तुमच्या फोनवर एक मेसेज..."

"आल्ता," मामा म्हणाले, माझ्याकडे न बघता. "पुसला बी. आपला ओटीपी कोनाला सांगायचा न्हाई, शीतलबाई. आन् दुसऱ्याचा मेसेज चुकून आपल्याकडं आला, तर बिलकुलच न्हाई."

मग ते पंगतीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाढप्याला ओरडले, "शीतलबाईच्या ताटात बट्टी जादा वाढा रं! लय मोठी टोळी हाय!"